बागेत उंच गवत? हो, मुद्दाम लावायचं!

मागच्या अंकात कुंड्यांतल्या फुलझाडांबद्दल बोलणं झालं आणि जाता जाता आम्ही म्हटलं होतं की पुढच्या वेळी उंच शोभेच्या गवतांवर प्रश्न पाठवा. रिसॉर्टच्या दारात, हायवेच्या डिव्हायडरवर, लग्नाच्या स्टेजवर सगळीकडे तुरेवाली गवतं दिसायला लागल्यापासून लोकांना ती घरी पण हवी झालीत, त्यामुळे प्रश्न भरपूर आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : ऑनलाइन पंपास ग्रासचं बी मागवलं. पाकिटावर गुलाबी, निळे, जांभळे असे मस्त तुरे होते. पेरलं, उगवलं, पण पाच महिने झाले तरी साधं गवतच दिसतंय, तुरा बिरा काही नाही. खत कमी पडतंय का? – नाशिक

ताई, खताचा काही संबंध नाही. आधी वाईट बातमी, निळं पंपास जगात कुठेच नसतं. पांढरट, क्रीम आणि फिकट गुलाबी एवढेच त्याचे खरे रंग, बाकी डेकोरेशनमध्ये दिसतात ते वाळवून रंगवलेले तुरे असतात आणि पाकिटावरचे फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेले. आतलं बी पंपासचं आहे की दुसऱ्याच कुठल्या गवताचं हे आत्ता एवढ्याशा रोपावरून सांगणं अवघड आहे, पण एक करून बघा, पान हळूच कडेने वरून खाली चिमटीत धरा (ओढू नका हं, कापेल), पंपासच्या पानाला करवतीसारखी बारीक धार असते. धार नसेल तर विषय संपला, उपटून टाका.

आता समजा खरंच पंपास निघालं तरी बियांपासून केलेल्या झाडाला फुलायला दोन-तीन वर्षं सहज लागतात, शिवाय त्यात नर-मादीची भानगड आहे, तो भरगच्च मऊ तुरा मादी झाडाला येतो आणि बाकीच्यांचे तुरे विरळ, किडकिडीत. म्हणून परदेशातल्या चांगल्या नर्सरीत चांगल्या मादी झाडाचेच ठोंब फोडून रोपं करतात, बी पेरत बसत नाहीत. आणि हे गवत मूळचं अर्जेंटिना-ब्राझीलकडचं, त्याला ऊन चालतं, कोरडं चालतं, पण आपल्या पावसाळ्यात महिनाभर बुंधा ओला राहिला की मधून कुजतं. नाशिकला काळी माती असेल तर हमखास. लावायचंच असेल तर फूटभर उंच वरंबा करून, मातीत निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी घालून त्यावर लावा आणि भिंतीपासून, पायवाटेपासून लांब, कारण मोठं झालं की आठ-दहा फूट जातं आणि शेजारून जाणाऱ्याच्या हातावर ओरखडे काढतं. न्यूझीलंडमध्ये तर ते एवढं माजलं की विकायलाच बंदी आहे.

मला विचाराल तर एवढ्या उपद्व्यापापेक्षा आपलं कास गवत बघा. गणपती झाले की नदीकाठी, कॅनॉलच्या कडेला पांढरे चंदेरी तुरे डोलताना दिसतात ना, तेच. सहा-आठ फूट सहज, संध्याकाळच्या उन्हात मागून प्रकाश आला की पंपास झक मारतं, आणि फुकट. फक्त हे पण सभ्य गवत नाही हे लक्षात ठेवा, जमिनीखालून धावतं आणि बी वाऱ्यावर उडतं. म्हणून बागेत उघड्यावर कधीच नाही. प्लॅस्टिकचा मोठा ड्रम अर्धा कापून, बुडाला भोकं पाडून, तो काठ चार बोटं वर राहील असा जमिनीत पुरायचा आणि त्यात लावायचं, तुरे पिंजायला लागले की बी उडायच्या आत कापून फुलदाणीत. घरातल्या डेकोरेशनची पण सोय झाली.

प्रश्न : फार्महाऊसच्या बांधावर उंच गवतं लावायचा प्लॅन आहे, पण सासरे ऐकत नाहीत. म्हणतात जन्मभर हराळी आणि कुंदा खणून काढला आणि आता सूनबाई पैसे देऊन गवत आणणार. त्यांना कसं पटवू? – फलटण

सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे, तेवढं आधी कबूल करा, मग पुढचं बोलणं सोपं जाईल.

गवतांत ढोबळ दोन जाती. एक धावणारी, म्हणजे हराळीसारखी जमिनीवरून आणि खालून पळणारी, एक कांडी राहिली तरी परत येणारी. दुसरी ठोंबाने वाढणारी, जागच्या जागी फुटवे काढत घेर वाढवणारी पण शेजारच्या सरीत न जाणारी. गवती चहा कोणाच्या बागेत पळत सुटलाय असं ऐकलंय का? नाही ना. तर बांधावर फक्त ठोंबवाली लावायची आणि त्यात पहिला नंबर वाळ्याचा. हो, माठात टाकतो तोच वाळा, ज्याच्या मुळांचे उन्हाळ्यात पडदे करतात. वरती पाच-सहा फुटांची हिरवीगार कमान आणि खाली मुळं सरळ पाताळात, दहा-बारा फूट खोल जातात, आडवी पसरत नाहीत, त्यामुळे शेजारच्या पिकाशी फारसं भांडण नाही. माती धरून ठेवायला तर याच्यासारखं दुसरं काही नाही, 1980 च्या दशकात वर्ल्ड बँकेने जगभर वाळ्याची कुंपणं लावायचा प्रचार केला होता, आणि वनस्पती कुठली तर आपली. घेताना एकच विचारा, बी धरणारा आहे का. लागवडीचा दक्षिणेकडचा वाळा बी धरत नाही, तो घ्या, उत्तरेत रानात वाढणारा बी पाडतो. मृगाचा पाऊस झाला की एकेका ठिकाणी दोन-तीन फुटवे, चार ते सहा इंचांवर, सलग ओळीत. जास्त अंतर सोडलं तर कुंपण होत नाही, नुसते झुबके होतात. पहिलं वर्ष मधे पाणी द्यावं लागेल, नंतर बघायला नको.

आणि सासऱ्यांना खूश करायचं असेल तर बांधाच्या एका कोपऱ्यात काळ्या उसाची दोन-दोन डोळ्यांची टिपरी लावा. मी गंमत करत नाहीये! जांभळी-काळी कांडी, आठ-नऊ फूट उंची, परदेशात तर जांभळ्या पानाचा ऊस शोभेचं झाड म्हणून कुंडीत विकतात. इथे वर तुळशीच्या लग्नाला मांडव घरचा. ऊस म्हणजे गवतच हे त्यांना वेगळं सांगायला नको, पण हे कदाचित माहीत नसेल की कोइंबतूरच्या ऊस संशोधन केंद्रातून 1918 साली जी को 205 नावाची जात बाहेर आली ती लागवडीच्या उसाचा आणि वर सांगितलेल्या त्याच कास गवताचा संकर होती. रानगवताचा काटकपणा उसात आणला म्हणून उत्तर हिंदुस्थानात ऊस तगला. जेवताना सांगून बघा, विरोध जरा मवाळ होतो का ते कळवा.

प्रश्न : 14 वा मजला, पश्चिमेची बाल्कनी, वारा भयानक. काही उंच लावलं की मोडतं. गवत टिकेल का? – ठाणे

टिकेल, वाऱ्यात टिकणं हेच तर गवताचं काम. जांभळं फाउंटन ग्रास घ्या, नर्सरीत पेनिसेटम म्हणतात, कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुबके येतात, तीन-साडेतीन फूट होतं. कुंडी किमान 14-16 इंचाची आणि जड, सिमेंटची किंवा तळाला दोन विटा घातलेली, नाहीतर गवत टिकेल आणि कुंडी पडेल, आणि 14 व्या मजल्यावरून कुंडी पडणं म्हणजे काय हे सांगायला नको, त्यामुळे कठड्यावर तर अजिबात नाही. पश्चिमेचं पाच तास ऊन पुरतं. वाऱ्याने कुंडी लवकर सुकते, उन्हाळ्यात रोज पाणी.

हिरव्या पानाचं साधं फाउंटन ग्रास मात्र घेऊ नका. जांभळं सहसा बी धरत नाही, हिरवं ढीगभर धरतं आणि वाऱ्याबरोबर कुठेही जाऊन उगवतं, हवाई बेटांवर त्याने उच्छाद मांडलाय. ठाण्याला तर पलीकडे येऊरचं जंगल आहे.

एक सीझनभराची गंमत पाहिजे असेल तर शोभेची बाजरी. खरंच बाजरीच, पर्पल मॅजेस्टी नावाची, चार-पाच फूट, पानं आणि कणीस दोन्ही गडद जांभळं. 2003 मध्ये अमेरिकेत हिला बियाण्यांच्या स्पर्धेत गोल्ड मेडल मिळालं होतं. रोप आधी हिरवं दिसतं म्हणून फसवलं असं वाटून घेऊ नका, कडक ऊन लागलं की रंग चढतो. सावलीत हिरवीच राहते.

प्रश्न : मागच्या वर्षी फाउंटन ग्रास आणि लेमनग्रास लावलं. आता डिसेंबरपासून सगळं पिवळं, वाळकं दिसतंय. मरतंय का? माळी म्हणतो मुळासकट काढून टाका. छाटायचं असेल तर कधी आणि किती? – कोथरूड, पुणे

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर. मरत नाहीये. माळ्याला थांबवा.

आपल्याकडची बहुतेक उंच गवतं पावसाळ्यात वाढतात, दिवस लहान व्हायला लागले की तुरे टाकतात आणि मग वाळतात, सह्याद्रीतले डोंगर दिवाळीनंतर सोनेरी होतात ते याचमुळे. जमिनीखाली झाड जिवंत असतं. खरं सांगू का, तो वाळका रंग पण मला फार आवडतो, पण आपल्याकडे बागेत काही वाळलेलं दिसलं की लोकांना लाज वाटते, पाहुणे काय म्हणतील म्हणून हिरवं दिसेपर्यंत पाणी मारत बसतात. एक महिना तसंच ठेवून बघा, जानेवारीतल्या सकाळी त्यावर दव पडतं ते बघा, मग ठरवा.

छाटणी कधी, हे तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी किती आहे त्यावर ठरवायचं. पाणी भरपूर असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी छाटा, लगेच नवीन फूट येईल आणि मे महिन्यात हिरवं असेल. टँकर मागवायची वेळ येत असेल तर फेब्रुवारीत हात लावू नका, कारण नवी फूट आली की तिला पाणी लागतं, जुनं वाळकं आच्छादन बुंध्याला सावली देतं आणि झाड झोपून राहतं. मग मे च्या शेवटच्या आठवड्यात छाटा, पावसाला फूट येईल. अपवाद एकच, आसपास उघडा माळ असेल, लोक कचरा जाळत असतील तर वाळकं उंच गवत उन्हाळाभर उभं ठेवणं धोक्याचं, एक ठिणगी पुरते, तिथे पाणी असो नसो, होळीच्या आधी कापून टाका.

कापायचं कसं, तर आधी सगळा झुबका सुतळीने कमरेत घट्ट बांधा, मग खाली वीतभर ठेवून धारदार विळ्याने एका बाजूने कापत जा, पेंढीसारखं एका तुकड्यात हातात येतं, अंगणभर कचरा होत नाही. फुल बाह्या आणि जाड हातमोजे घाला. अगदी जमिनीसरशी कापू नका, नवे कोंब तिथेच असतात. आणि अर्धवट, वरून टोकं टोकं कापून गोल गोल शेप देणं हा प्रकार तर करूच नका, सोसायट्यांमध्ये करतात, वर्षभर ते गवत झाडूसारखं दिसतं. कापलेलं फेकू नका, झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, वाळवी असेल तर मात्र खोडाला टेकवू नका.

तीन-चार वर्षांनी ठोंबाच्या मधे टक्कल पडतं, कडेनेच हिरवं येतं. तेव्हा पहिले दोन पाऊस झाले की पहारीने पूर्ण ठोंब उकरा, कोयत्याने चार भाग करा, मधला मेलेला भाग फेका आणि बाहेरचे ताजे फुटवे परत लावा. उरलेले शेजाऱ्यांना. हिवाळ्यात ठोंब फोडू नका, झाड झोपेत असतं, मुळं धरत नाही आणि उगाच जातं.

प्रश्न : लेमनग्रास चार फूट झालं आणि सगळं आडवं पडलं. युरिया वेळेवर देतोय. – इचलकरंजी

युरिया देताय म्हणूनच लोळलं. शेतकरी असाल तर माहीतच असेल, युरिया जास्त झाला की गहू लोळतो, तेच इथे. वर्षातून एकदा जूनमध्ये दोन ओंजळी शेणखत, बस. आंब्याच्या सावलीत लावलं असेल तरी लोळतं, उन्हात हलवा.

प्रश्न : आमच्या हंय पाऊस खूप, आणि दादा खरं सांगायचं तर सापांची भीती. घराला लागून उंच गवत लावलं तर साप येणार नाहीत का? लेमनग्रासने साप आणि डास पळतात म्हणतात ते खरं का? – पेडणे, गोवा

भीती रास्त आहे. तुमच्या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत, आणि घोणस तर वाळक्या पानांत पडून राहिली तर दिसत पण नाही. साप गवतासाठी येत नाही, उंदीर आणि बेडकांसाठी येतो, पण दाट गवताचा बुंधा त्याला लपायला बरा हेही तितकंच खरं, त्यामुळे "काही होत नाही हो" असं मी म्हणणार नाही.

म्हणून घराच्या भिंतीला, दाराला, बाथरूमच्या सांडपाण्याला, लाकडाच्या ढिगाला लागून उंच गवत लावायचंच नाही. दहा-बारा फूट लांब, कंपाउंडच्या बाजूला. दोन ठोंबांत मोकळी जागा ठेवायची, खालची लोंबणारी पानं काढून बुंधा दिसता ठेवायचा, भोवती हातभर रुंद चिऱ्याच्या खडीचा पट्टा. कोंबड्यांचं खाद्य, शिळं अन्न तिकडे टाकायचं नाही, उंदीर आले की मागोमाग तो आलाच. रात्री बॅटरीशिवाय जायचं नाही आणि बुंध्यात हात घालण्याआधी काठीने हलवायचं. घरात रांगतं मूल असेल तर मी दोन वर्षं थांबेन.

लेमनग्रासने साप पळतात हे खोटं. डासांचं थोडं वेगळं, त्याच्या तेलाला डास टाळतात, पण नुसतं उभं झाड काही करत नाही, पान चुरडून हातापायाला लावलं तर थोडा वेळ फरक पडतो एवढंच. तुमच्याकडे पाण्याचा निचरा ही खरी अडचण, जांभ्याच्या उतारावर वाळा मस्त होईल. सपाट जागी पाणी साचत असेल तर उलट त्याचा फायदा घ्या, पपायरस किंवा छत्रीगवत लावा, दोन्ही पाण्यात पाय बुडवून सुखाने राहतात. काटेकोर बोलायचं तर ती गवतं नाहीत, आपल्या लव्हाळ्याच्या घराण्यातली, दांडा कापून बघा, तिकोनी निघेल.

प्रश्न : आमच्या नेबरहुडमध्ये सगळ्यांकडे मिस्कँथस नावाचं तुरेवालं गवत आहे, मला पण लावायचंय. आणि इंडियाहून येताना वाळ्याची मुळं आणू का? – एडिसन, न्यू जर्सी

वाळा बॅगेत घालून अजिबात नेऊ नका, झाडं-मुळं विमानतळावर डिक्लेअर करावी लागतात आणि कागदपत्रं नसली की काढून घेतात, शिवाय तुमची थंडी त्याला सोसणार नाही. गवती चहा हवा असेल तर तिथल्या इंडियन किंवा व्हिएतनामी दुकानात बुंध्यासकट काड्या मिळतात, पाण्यात ठेवा, मुळं फुटली की कुंडीत लावा आणि पहिल्या फ्रॉस्टच्या आधी घरात घ्या.

मिस्कँथस दिसायला देखणं, पण ते आशियातून आलेलं आणि तुमच्या पूर्व किनाऱ्यावर बागेबाहेर पसरतंय. त्यापेक्षा तिथलंच स्विचग्रास लावा, त्यातलं नॉर्थविंड नावाचं पाच-सहा फूट एकदम ताठ उभं राहतं, बर्फात पण पटकन पडत नाही. न्यूयॉर्कला हाय लाइन बघितलंय ना, जुन्या रेल्वेपुलावरची बाग, 2009 ला उघडलेली? तिथे हिवाळ्यात एकदा मुद्दाम जाऊन या, वाळलेली गवतं कशी उभी ठेवलीत ते बघा. तुम्ही पण तसंच ठेवा, कापायचं थेट मार्चमध्ये. आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत, ज्यांच्या होस्टा (तिकडे पानांसाठी लावतात ती झाडं) हरणं खाऊन गेल्यात त्यांना याची किंमत कळेल.

प्रश्न : मुलाला दम्याचा त्रास आहे. गवतं लावावीत का? – सोलापूर

गवताचे परागकण वाऱ्यावर उडतात आणि त्यांची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते, म्हणून तुरेवाली नकोत. गवती चहा आपल्याकडे क्वचितच फुलतो, तो चालू शकेल. वाळा लावलात तर दर दोन-तीन महिन्यांनी गुडघ्याएवढा कापत राहा, म्हणजे फुलोऱ्यावर येत नाही. तरी मुलाच्या डॉक्टरांना आधी विचारा, मी झाडांचा माणूस.

प्रश्न : सुगरण पक्षी येऊन आमच्या हत्तीगवताची पानं उभी फाडून नेतायत, अर्ध्या पानांच्या चिंध्या झाल्यात. जाळी लावू का? – सासवड

अहो, जाळी कसली लावताय! पावसाळ्यात नर सुगरण घरटं विणायला अशाच लांब पट्ट्या काढतो, पानाच्या कडेला खाच पाडतो आणि तोंडात धरून उडतो की पट्टी आपोआप फाटत येते. आसपास विहिरीवर किंवा काटेरी बाभळीवर वसाहत असणार, शोधा. सप्टेंबरनंतर हा प्रकार थांबतो आणि गवताला नवीन पानं येतात, हत्तीगवत तर असंही इतकं वाढतं की गुरांना कापून घालायलाच पाहिजे. बी यायला लागलं की मुनिया पण येतील, त्यांच्यासाठी दोन-चार ठोंब न कापता ठेवा.

जागा संपली. राहिलेले प्रश्न, त्यात बांबूचे बरेच आहेत, पुढच्या अंकात. पाठवताना एवढं कराच, ऊन किती तास येतं, माती कुठली आणि उन्हाळ्यात पाणी रोज मिळतं की दिवसाआड हे लिहा, आणि फोटो नुसता तुऱ्याचा नको, बुंध्याचा पण पाठवा, रोग असला तर तिथेच दिसतो.